पीएचडी करून चमचे?

मागच्या महिन्यात एक चूक केली. शाळेतल्या मित्रांच्या व्हॉट्सॅप ग्रुपवर एका लाकडी चमच्याचा फोटो टाकला. चमचा मी स्वतः कोरलेला. बर्चच्या ओल्या लाकडातून, दोन संध्याकाळी घालवून. जरासा वाकडा आहे, देठापाशी एक गाठ आहे, पण आमटी वाढताना गळत नाही. कौतुकाची अपेक्षा होती असं नाही. (होती!) तर पहिला प्रतिसाद आला तो असा : "पीएचडी करून चमचे? सुतारच व्हायचं होतं तर स्वीडनपर्यंत कशाला गेलास?" त्यावर सात जणांनी हसरे चेहरे टाकले. मीही एक टाकला. करतो काय!

त्यानंतर चारच दिवसांनी दुसरी चूक. माझी नऊ वर्षांची लेक शाळेत लाकूड तासते आहे, असा फोटो घरच्या ग्रुपवर टाकला. दहा मिनिटांत मावशीचा फोन. "अरे, पोरीच्या हातात सुरी? तुला काही कळतं का? आणि शाळेतल्या बाईंना तरी कळू नये?"

मंडळी, आजचा लेख म्हणजे या दोन वाक्यांशी भांडण आहे. मित्राशी नाही आणि मावशीशी तर मुळीच नाही (तिच्या हातचं फणसाचं सांदण मला अजून हवं आहे). भांडण वाक्यांशी आहे. कारण ही वाक्यं त्या दोघांची नाहीतच, ती आपल्या सगळ्यांची आहेत. मीसुद्धा वयाच्या तिशीपर्यंत हेच बोलत आलो.

आधी ज्या हत्यारावरून एवढं रामायण झालं त्याबद्दल सांगतो. पाहा, मी पण 'हत्यार'च म्हणालो! आपल्या भाषेत सुताराच्या पटाशीला आणि गुंडाच्या सुऱ्याला एकच शब्द आहे. त्याकडे पुढे वळू.

इथे गावोगावी संध्याकाळचे वर्ग चालतात. कुणी पोर्तुगीज शिकतं, कुणी विणकाम, कुणी सतार. डॉक्टरेट संपून नोकरी लागली त्या वर्षीच्या हिवाळ्यात, दुपारी तीनलाच अंधार पडायला लागल्यावर, घरात बसून वेड लागू नये म्हणून मी चमचे कोरण्याच्या वर्गाला नाव घातलं. शिकवणारे आजोबा सत्तरीच्या पुढचे. पहिल्या दिवशी त्यांनी माझ्या हातात एक सुरी ठेवली. पातं जेमतेम माझ्या करंगळीएवढं, पण अंगठीसारखं वळलेलं. एका म्हाताऱ्या लोहाराने जुन्या कानशीतून घडवलेली. एवढ्याशा सुरीला वजन केवढं! पाठ जाडजूड, मूठ भरदार. मला वाटलं, नाजूक कामाला ही धोंड कशाला? आजोबा म्हणाले, "हलकी सुरी थरथरते. ही थरथरत नाही."

वळलेल्या पात्याचं कारण सरळ आहे. सरळ पात्याने बाहेरचा गोलवा काढता येतो, खळगा काढता येत नाही. टोक आत रुततं. वळलेलं पातं एका वेळी लाकडाला थोड्याच जागी भिडतं आणि तेवढाच पातळ पापुद्रा उचलतं. पण कुठूनही कुठेही चालवून भागत नाही. लाकूड म्हणजे एकमेकींना चिकटलेल्या बारीक नळ्यांची जुडी. उताराच्या दिशेने, म्हणजे कडेकडून खळग्याच्या तळाकडे कापत आलात तर पापुद्रा लोण्यासारखा सुटतो. तळ ओलांडून तसेच पुढे चढायला गेलात की पातं नळ्यांच्या मधे घुसतं आणि चमचा उभा चिरतो. म्हणून अर्धं या बाजूने कापायचं, अर्धं त्या बाजूने, किंवा सरळ आडवं कापायचं. लाकूड ओलंच घ्यायचं, कारण ओलं लाकूड मऊ असतं. कोरून झालं की ढलप्यांसकट कागदी पिशवीत ठेवून सावकाश वाळवायचं, घाई केली की तडा गेलाच म्हणून समजा.

आता गंमत ऐका. माझी पीएचडी कशात आहे? तंतुमय संमिश्र पदार्थांच्या यांत्रिकीत. तंतूंच्या दिशेने एक बळकटी, त्यांना आडवी दुसरी, असे जे पदार्थ असतात त्यांच्यासाठी नऊ स्वतंत्र स्थिरांकांचं समीकरण लागतं. ते मी पाच वर्षं संगणकावर सोडवलं, त्यावर पेपर छापले, त्यावर पोट भरतो. लाकूड हे या पदार्थांचं पाठ्यपुस्तकातलं पहिलं उदाहरण. आणि लाकडाला उभं-आडवं असतं म्हणजे नेमकं काय होतं, हे माझ्या हाताला बत्तिसाव्या वर्षी पहिल्यांदा कळलं. समीकरण खोटं नव्हतं. पण ज्याबद्दल ते होतं ती वस्तू मला माहीतच नव्हती. पोहण्यावर प्रबंध लिहून झाल्यावर पहिल्यांदा पाण्यात पाय घालणाऱ्या माणसासारखी माझी अवस्था झाली.

तर मित्राला पहिलं उत्तर हे : बाबा रे, पीएचडी 'करून' चमचे नाही. चमचे न कोरता पीएचडी केली, हा माझा गुन्हा आहे.

आता मावशी.

तिसऱ्या आठवड्यात माझा अंगठा कापला. डावा. तीन टाके पडले. पुढच्या आठवड्यात पट्टी बांधून वर्गाला गेलो तेव्हा वाटलं, आता म्हातारा 'सांगितलं होतं ना' म्हणणार. त्यांनी एवढंच विचारलं, "कोपर कुठे होतं?" आठवून पाहिलं. कोपर हवेत होतं. ते बरगडीला टेकलेलं असायला हवं होतं. कोपर बरगडीला टेकवून मनगट वळवलं की सुरीची धाव चार बोटांवर आपोआप संपते. तुम्ही कितीही जोर लावा, ती पुढे जाऊच शकत नाही. आणि अंगठा त्या धावेच्या रेषेत नाही, खाली ठेवायचा. अशा पाच-सहा पकडी आहेत. प्रत्येकीत थांबा हा हालचालीतच बांधलेला असतो. स्वीडनमध्ये विले सुंदक्विस्ट (१९२५-२०१८) नावाचे एक मोठे कारागीर होऊन गेले. या पकडी त्यांनी पुस्तकातून आणि वर्गांतून नीट मांडून शिकवल्या, आणि अमेरिका-इंग्लंडात आज चमचे कोरण्याचं जे वेड आहे त्याच्या मुळाशी बऱ्याच अंशी तेच आहेत.

इंजिनियरला हे लगेच पटतं. सुरक्षितता दोन प्रकारची असते. एक : धोक्याची वस्तू कपाटात ठेवा, कुलूप लावा, वर लाल अक्षरात पाटी लावा. दुसरी : हालचालच अशी शिकवा की अपघाताला वाव कमीत कमी राहील. पहिली स्वस्त आहे आणि ती कुलूप उघडेपर्यंतच टिकते. दुसरी शिकवायला वेळ लागतो, पण ती माणसाच्या अंगात राहते. मावशी, तुझी सुरक्षितता पहिल्या जातीची आहे. आणि तुला म्हणून सांगतो, तुझ्या ओट्यावरची ती बोथट सुरी, जिच्याने टोमॅटोसुद्धा दाबून कापावा लागतो, ती माझ्या पोरीच्या सुरीपेक्षा जास्त धोक्याची आहे. बोथट सुरीला जोर लागतो, आणि जोर लावलेली सुरी सटकते.

माझ्या लेकीच्या वर्गात पहिल्या दिवशी मुलांना लाकूड दिलंच नाही. हात लांब करून गोल फिरायला लावलं, कुणाला हात लागत नाही ना हे पाहायला. लागला तर सरकून बसा. कुणी जवळ आलं तर सुरी थांबवा. दुसऱ्याला देताना मूठ त्याच्याकडे. हे सगळं पाठ झाल्यावर मग काठी हातात. तिची पहिली वस्तू, इथल्या बहुतेकांची असते तीच : लोणी लावायची लाकडी सुरी. ती आज आमच्या टेबलावर असते. वाकडी आहे. बापाच्या चमच्यापेक्षा कमी वाकडी आहे.

हा इथे छंदवर्ग नाही बरं का. हा विषय आहे. त्याला 'स्लॉइड' म्हणतात : लाकूड, धातू, कापड, सूत. नऊ वर्षांच्या सक्तीच्या शाळेत गणित-भाषेसारखे याचेही तास ठरलेले आहेत, एकूण ३३०. सहावीपासून गुण मिळतात. डॉक्टरच्या मुलाला, ट्रक चालवणाऱ्याच्या मुलीला, कालच सीरियातून आलेल्या पोराला, सगळ्यांना.

याचा इतिहास वाचण्यासारखा आहे. फिनलंडमध्ये उनो सिग्नेउस यांनी १८६६ साली हस्तकाम शाळेत आणलं. ते पाहून स्वीडनमध्ये ओटो सालोमन (१८४९-१९०७) या माणसाने गोथेनबर्गजवळच्या नेस या जागी, आपल्या श्रीमंत मामाच्या पैशावर आणि वाड्यावर, शिक्षकांसाठी स्लॉइडची शाळा चालवली. जगभरातून शिक्षक तिथे यायचे. पुढे आपल्या शांतिनिकेतनचे लक्ष्मीश्वर सिन्हासुद्धा तिथे जाऊन शिकून आले. सालोमन यांचे मुद्दे दोन. पहिलं हत्यार सुरीच, कारण ती मुलाच्या ओळखीची असते. आणि दुसरा मुद्दा, जो मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो : स्लॉइडचा हेतू सुतार तयार करणं हा नाही. हेतू माणूस तयार करणं हा आहे. वस्तू लाकडाची बनते, पण खरी वस्तू म्हणजे ते मूल.

आता इथे थोडं थांबून तुमच्या मनातलं मीच बोलतो. "झालं! हा पण निघाला. परदेशात चार वर्षं काढली की यांना तिथलं सगळं सोन्याचं दिसतं." नाही हो. हाच स्लॉइड १९५५ साली सक्तीचा झाला तेव्हा मुलांना लाकूड आणि मुलींना शिवण अशी सरळ वाटणी होती, आणि ती मोडायला १९६९चा अभ्यासक्रम यावा लागला. इथेही बंदुका चालवणाऱ्या पोरांच्या टोळ्या आहेत, बॉम्ब फुटतात, पेपर उघडवत नाही. इथे १९८८चा कायदा आहे, त्यानुसार सार्वजनिक जागी सुरी बाळगायला सर्वसाधारण बंदी आहे. कामाला लागत असेल तर सूट. पण नीट पाहा, याच देशाने ही बंदी घातली आणि याच देशाने शाळेत पोरांच्या हातात सुरी ठेवली. दोन्ही एकाच वेळी. सुरी रस्त्यावर मिरवायची नाही, सुरीने काम करायचं, एवढा साधा भेद आहे. तो आपल्याला का झेपत नाही, हा माझा प्रश्न आहे.

याचं उत्तर शोधायला मला स्वीडनमधून रत्नागिरी जिल्ह्यात जावं लागतं.

माझ्या आजोळी नारळ सोलायला, गवत कापायला, कुंपण घालायला एक माणूस यायचा. कमरेला मागे आकडी, आकडीला कोयती. ज्यांनी कोयती पाहिली नाही त्यांच्यासाठी सांगतो : आखूड, जड, पुढे वळलेलं पातं. ती एक वस्तू घेऊन तो माणूस सगळं करायचा. मे महिन्यात आम्हा पोरांसाठी विटी-दांडू तासून द्यायचा. मला एकदा भोवरा करून दिला. तासायचा, आर ठोकून फिरवायचा, लडखडला की एका बाजूने अगदी साल काढल्यासारखा पापुद्रा काढायचा, पुन्हा फिरवायचा. चौथ्या वेळी भोवरा जागच्या जागी उभा राहिला, झोपल्यासारखा. यालाच आम्ही पुढे तिसऱ्या वर्षाला 'फिरत्या भागांचं संतुलन' म्हणून शिकलो, आणि अर्ध्या वर्गाची त्यात दांडी उडाली.

मी कोयतीला हात लावायला गेलो की आजी ओरडायची. "लागेल!" म्हणून. पण फक्त लागेल म्हणून नाही, हे आता कळतं. त्याच्या मुलाच्या, माझ्याच वयाच्या पोराच्या हातात कोयती असायची तेव्हा आजी कधी ओरडली नाही. त्याला लागत नव्हतं का? तो माणूस माझ्या वडिलांपेक्षा मोठा होता, आणि मी, आठ वर्षांचं पोर, त्याला नावाने 'अरे' म्हणून हाक मारायचो. चहा मागच्या पडवीत मिळायचा. त्याचा कप वेगळा, कोनाड्यात उपडा ठेवलेला. मला भोवरा शिकवू शकेल असा त्या घरात तो एकच माणूस होता, आणि त्याच्याकडून शिकायचं असतं हेच मला कुणी सांगितलं नाही.

आपल्याकडे सुरीची भीती ही अर्धीच भीती आहे. उरलेली अर्धी जात आहे.

'सुतारच व्हायचं होतं तर' या वाक्यात नेमकं काय बोलतंय ते आता सांगायला नको. हात वापरणारा वेगळा आणि डोकं वापरणारा वेगळा, ही वाटणी आपण इतकी शतकं पाळली की ती इंजिनियरिंग कॉलेजातही आमच्या मागोमाग आली. पहिल्या वर्षाला वर्कशॉप असतं. सुतारकामात लाकडाचा सांधा करायचा, फिटिंगमध्ये लोखंड घासून 'जॉब' करायचा. आम्ही काय केलं? वर्कशॉपमधल्या मामांना पैसे दिले, त्यांनी जॉब करून दिले. सर्टिफिकेटवर सही झाली. मामा दहावी नापास, आणि आम्ही इंजिनियर! शाळेत 'कार्यानुभव' होता. त्यात मी केलेल्या एकमेव वस्तूचं नाव आठवतं : आईने केलेलं शुभेच्छापत्र. श्रेणी 'अ' मिळाली. आईला.

बरं, हे कुणाला कधी सुचलंच नाही असंही नाही. आपल्या वर्ध्यालाच २२ आणि २३ ऑक्टोबर १९३७ रोजी शिक्षण परिषद भरली, गांधीजींनी नई तालीम मांडली, डॉ. झाकीर हुसेन यांच्या समितीने अभ्यासक्रम आखला. हाताच्या कामातून सगळं शिक्षण. मग ते टिकलं का नाही? दोन कारणं मला दिसतात. एक, मुलांच्या कामातून शाळेचा खर्च निघावा अशी अपेक्षा त्याला चिकटली. प्रा. के. टी. शहा यांनी त्याला तिथेच विरोध केला होता. मूल काय कमावतं हे मोजायला लागलात की शाळेचा कारखाना होतो. सालोमन यांचा स्लॉइड इथे वेगळा पडतो. तिथे वस्तू विकायची नसते, घरी न्यायची असते.

दुसरं कारण जास्त खोल आहे आणि ते मद्रासमध्ये उघडं पडलं. १९५३ साली राजाजींनी प्राथमिक शाळा अर्ध्या वेळेची केली आणि उरलेल्या वेळात मुलांनी घरचा धंदा शिकावा अशी योजना आणली. पेरियार आणि द्रविड चळवळीने तिला नाव दिलं 'कुलकल्वी', कुळाचं शिक्षण. म्हणजे कुंभाराचं पोर चिखलात, चांभाराचं चामड्यात आणि वकिलाचं? ते अर्थातच पुस्तकात. वादळ उठलं, १९५४ साली राजाजी गेले, कामराज आले आणि योजना रद्द झाली. झाली ते उत्तम झालं.

म्हणून कुणी दलित किंवा बलुतेदार घरातला मित्र मला म्हणाला की, "तुझ्यासाठी चमचा कोरणं हा हिवाळ्यातला विरंगुळा आहे. माझा आजा यातून सुटायला धडपडला. आता तू आम्हाला पुन्हा कोयता देणार?", तर मी मान खाली घालेन. त्याचा मुद्दा शंभर टक्के खरा आहे. मराठवाड्यातून ऊसतोडीला जाणाऱ्यांच्या हिशोबात 'एक कोयता' म्हणजे हत्यार नव्हे, एक नवरा-बायकोचं जोडपं. उचल कोयत्यावर दिली जाते. एकटा माणूस म्हणजे 'अर्धा कोयता'. जिथे माणसालाच हत्याराच्या नावाने मोजतात तिथे हत्याराच्या सौंदर्यावर लेख लिहायला जीभ (की बोर्ड म्हणा) जड होते.

पण म्हणूनच माझं म्हणणं नीट ऐका. मी कोयती तिच्या नेहमीच्या हातात द्या म्हणत नाही. त्या हातात ती आहेच. मी म्हणतो, ज्या हातात ती कधीच आली नाही त्या हातात द्या. माझ्यासारख्यांच्या. सुरी सगळ्यांना आणि बापाचा धंदा कुणालाच नाही, या दोन अटी एकत्र असतील तरच हे शिक्षण आहे. एकही अट सुटली की ती कुलकल्वी झाली. स्लॉइडची सगळी ताकद 'सगळ्यांना' या एका शब्दात आहे. वर्गातल्या प्रत्येकाने एकदा लाकूड चिरवून घेतलं, अंगठा कापून घेतला, की सुतारकाम हा 'कमी डोक्याचा धंदा' आहे असं म्हणायची हिंमत कुणाची होत नाही. माझी तरी झाली नाही. इथे आमच्या घरी दरवाजा बसवायला आलेल्या सुताराशी प्रोफेसर बरोबरीने बोलतो, तो काही स्वीडिश माणसाचा स्वभाव देवाने वेगळा घडवला म्हणून नाही. शाळेत त्याने तो दरवाजा बिघडवून पाहिलेला असतो!

आणि आता 'कोयता' या शब्दाचं काय झालंय पाहा. २०२२-२३ मध्ये पुण्यात 'कोयता गँग' गाजली. गाड्यांच्या काचा फोडणारी, माणसांवर वार करणारी पोरं. भयंकरच प्रकार, त्याचं समर्थन नाही. मग बातम्या आल्या की कोयता विकताना गिऱ्हाइकाचं आधार कार्ड पाहायचं. पोलिसांचं काम पोलिसांनी करावं, माझी हरकत नाही. पण पुण्यातल्या एखाद्या दहा वर्षांच्या मुलाला विचारा, कोयता म्हणजे काय? तो 'गँग' म्हणेल. त्याने कोयत्याने नारळ सोललेला पाहिला नाही, विटी तासलेली पाहिली नाही. धार ही वस्तू त्याच्यापर्यंत पोचते ती एकतर सिनेमातून किंवा सीसीटीव्हीच्या क्लिपमधून. शाळेत सुरी शिकवली की गुन्हे थांबतील असला भाबडा दावा मी करणार नाही. स्वीडनमध्येच ते खोटं ठरेल. पण ज्या समाजात धारेचं एकच रूप मुलांना दिसतं, त्याने मुलांपासून काय लपवलं याचा हिशोब तरी मांडावा.

२०२०च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात सहावी ते आठवीच्या दरम्यान १० दिवस दप्तराविना, आणि त्या काळात सुतार, माळी, कुंभार अशांपाशी शिकणं, असं लिहिलेलं आहे. याच इयत्तांत हस्तव्यवसायांची तोंडओळख करून देणारा अभ्यासही आहे. चांगलं आहे. पण दहा दिवसांत काय होतं ते मला ठाऊक आहे : मुलं रांगेत उभी राहून सुताराला पाहतील, सेल्फी काढतील आणि परत येऊन त्यावर निबंध लिहितील. दहाव्या दिवशी मला धड सुरी धरताही येत नव्हती.

तेव्हा माझी मागणी, साधी आणि मोजता येईल अशी. आठवड्याला दोन तास, पाचवी ते आठवी, सगळ्या शाळांत, आयसीएसईवाल्यांतसुद्धा आणि तिथे सर्वांत आधी. प्रत्येक मुलाला एक धारदार सुरी, एक काठी. वस्तू घरी न्यायची, विकायची नाही. आणि शिकवायला सुतार. 'कारागीर बोलावला होता' असा नाही. शिक्षकाच्या खुर्चीत, शिक्षकाच्या पगारावर, 'सर' किंवा 'मॅडम' म्हणवून घेणारा. यातलं शेवटचं सर्वांत महाग पडेल, आणि पैशात नाही.

गेल्या मे महिन्यात आजोळी गेलो होतो. तो माणूस, नाही, ते काका अजून आहेत. ऐंशीच्या पुढे असतील. डोळ्यांना कमी दिसतं. मी बॅगेतून चमचा काढून त्यांच्या हातात दिला, आणि आयुष्यात पहिल्यांदा म्हणालो, "बघा हो काका, जमलाय का?" त्या 'हो'ने तेही चपापले आणि मीही. त्यांनी चमचा उजेडात धरला नाही. खळग्यातून अंगठा फिरवला. एकदा, दोनदा. मग म्हणाले, "हितं पेपर मारलायस. कापून काढायचं, घासून न्हाय."

खरं होतं. तळाशी सुरी नीट चालली नव्हती, म्हणून मी तिथे पॉलिशपेपर मारून चोरी झाकली होती. स्वीडनच्या आजोबांच्याही लक्षात आली नव्हती.

माझ्या प्रबंधाला पाच परीक्षक होते. त्यांतल्या कुणीही इतक्या चटकन माझी लबाडी पकडली नाही. असो.

ता. क. : काकांनी नापास केलेला तो चमचा मी पुन्हा कापून काढला आणि त्याचा फोटो आत्ताच शाळेच्या ग्रुपवर टाकला आहे. हसरे चेहरे यायला सुरुवात झाली आहे.